सड्याच्या काठावरून

नागपूरहून निघालेला महामार्ग आमच्या हदगावावरून नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत रत्नागिरीला समुद्रापाशी संपतो. त्या रस्त्याने आम्ही जातो ते बहुतेक नांदेडपर्यंतच. हळद विकायला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला. भाचा राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, तेव्हा कुठे रस्त्याचे दुसरे टोक पाहायचा योग आला. सोयाबीन घरात आले होते, हरभऱ्याला पाणी देऊन झाले होते. निघालो.

समुद्र पहिल्यांदा भाट्याच्या किनाऱ्यावर पाहिला. पाय भिजवले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. पण तिथे उभे राहून कळते ती फक्त समोर येऊन फुटणारी लाट. भाचा म्हणाला, "मामा, इथून काहीच दिसत नाही. वर चला."

वर म्हणजे रत्नदुर्गावर. तीन बाजूंनी पाणी असलेला हा किल्ला. भगवतीचे दर्शन घेऊन तटावर आलो. एका अंगाला पांढुरक्या वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला मांडवीची काळी वाळू. रत्नागिरीकर त्यांना पांढरा समुद्र आणि काळा समुद्र म्हणतात. गावातून दोन्हीकडे वेगवेगळे जावे लागते, म्हणून ते दोन वाटतात. तटावरून पाहिले की समुद्र एकच, त्यात घुसलेली जमीन मात्र चिंचोळी. तिच्या कुशीत मिरकरवाडा बंदर, होड्यांची दाटी, काठीकाठीवर निशाणे. एक होडी दाटीतून वाट काढत बाहेर पडली. तिच्यामागे पाण्यावर पांढरी रेघ उमटली, रेघेवर पाखरे झेपावली. होडी ठिपक्याएवढी झाली तरी रेघ पुसली नव्हती. तेवढा वेळ मी जागचा हललो नाही.

थिबा पॉइंटवरचे दृश्य मला याहून जवळचे वाटले. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे राज्य घेतले आणि पुढे त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्या बाजूच्या उंचवट्यावरून काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते. आमची पैनगंगा वर्धेला मिळते, पुढे ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि पार पूर्वेच्या समुद्राला लागते. आमच्या शिवारातले पाणी कुठे संपते ते आम्हा शेतकऱ्यांना कधी दिसत नाही. इथे नदीचा शेवट डोळ्यांदेखत होता. भरती चढत होती, खाडीचे पाणी उलटे आत सरकत होते आणि मुखाशी गढूळ व निळ्या पाण्याची शीव स्पष्ट दिसत होती. खाली किनाऱ्यावर असताना मी त्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर होतो, पण ती दिसली नव्हती.

मग पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीकडे निघालो. हा रस्ता कोकण समजावून सांगतो. चढ चढला की सडा, उतरला की खाडी, पुन्हा चढ, पुन्हा सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या कातळाचा सपाट माळ. झाड क्वचित, गवत वाळून सोनेरी झालेले, वर भले मोठे आभाळ. नारळी-पोफळीत माझा जीव थोडा कोंडत होता, तो इथे मोकळा झाला. आणि दगडही परका नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आमच्याकडे झिजून काळी माती झाला, इथे धो धो पावसात झिजून तांबडा जांभा झाला.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी, मासे, पाखरे. कोकणातली ही कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. हत्तीच्या पायाशी उभे राहून मला नुसत्या खोबणी दिसल्या. भाच्याने वरून काढलेला फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा सोंड, पाठ, पाय सगळे जुळून आले. कोरणाऱ्यांनी तो अख्खा कुठून पाहिला असेल, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

सड्यावर एक आजी गवताचा भारा बांधत होत्या. मी विचारले, एवढी जमीन पडीक कशी? त्या थांबल्या. पडीक नाही म्हणाल्या. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते एवढी फुले येतात, गुरे इथेच चरतात, आणि पाऊस कातळात मुरतो तोच खाली वाडीच्या विहिरीत येतो. सरकारी कागदावर सड्याला पडीक लिहिणाऱ्यांनी आधी त्या विहिरीचे पाणी प्यावे.

सड्याच्या काठावरच्या देवघळीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. सडा एकदम तुटतो आणि खूप खाली, दोन कड्यांच्या मधोमध, वाळूची लहानशी पट्टी. लाट फुटलेली आधी दिसते, आवाज मागून वर येतो. काठावरचा जांभा भुसभुशीत असतो, म्हणून भाच्याने मला दोन हात मागे बसवले आणि शाळेत परगावचे पाहुणे आले की तो हेच करतो म्हणाला. इथे जायचे तर उन्हे उतरताना जावे आणि दिवस मावळायच्या आत परत निघावे; सड्यावर दिवा नाही, आणि वाट कातळावर उमटत नाही.