आकडा

माय रोज सांजेला घरामागची वेळूची काठी उचलायची. काठीच्या टोकाला वाकवलेली तार. ती वरच्या लाइनीत अडकली की घरात चाळीसचा बल्ब लागायचा. पहाटे काठी खाली. "सांज व्हयनी, आकडा टाक रे पोऱ्या," हे मी रोज ऐकायचो. पावसाळ्यात एकदा तिच्या हाताला झटका बसला. तळव्यावरचा काळा डाग शेवटपर्यंत गेला नाही. मी त्याच उजेडात मॅट्रिक झालो. कायद्याच्या भाषेत चोरीच्या उजेडात.

माय मागच्या वर्षी गेली. घर विकायला काढलं. घेणारा भिल्लाचा पोरगा, गवंडीकाम करणारा. त्याच्या आज्याचं गाव अक्राणीतलं, सरदार सरोवरात बुडालेलं. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्या बुडितात आली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ज्याच्या आज्याचं गाव त्या पाण्याखाली आहे, तो पोरगा मला विचारत होता, "दादा, मीटर कुठं आहे?"

मी म्हटलं, "मीटर नाही. आकडा आहे."

"चालेल," तो म्हणाला. "मीपण टाकीन."

त्याच्या त्या 'चालेल'नं माझी झोप गेली. आपल्याला काय काय चालतं, हे आपण किती पिढ्या शिकलो!

मायची पेटी उघडली. तळाशी बापाचे कागद. त्यात एक पोच सापडली. साल १९७९. बापानं वीजजोडणीसाठी केलेल्या अर्जाची. खाली 'जि. धुळे' असं लिहिलेलं, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मला सगळं आठवलं. गावात लाइन आली तेव्हा खांबांचे खड्डे माझ्या बापानं खणले होते. खड्ड्यामागे मजुरी. खांब गावात गेले, मळ्यांतल्या विहिरींवर गेले. नाल्याच्या अलीकडे, आमच्या वस्तीत, एकही आला नाही. बापानं अर्ज केला. पोच मिळाली. वीज मिळाली नाही. तो दोन वर्षं हेलपाटे घालत राहिला. मग एका रात्री त्यानं वेळू तोडला.

मित्रांनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते, हे किती जण सांगतो? १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभं राहिलं. या देशाच्या विजेचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव, त्याच्या माणसांनी वेळूच्या काठीनं वीज चोरून घ्यावी, ही या व्यवस्थेची करामत.

पण सगळं व्यवस्थेवर ढकलून मी मोकळा होणार नाही. पुढे वस्तीत खांब आले. शेजाऱ्यांनी मीटर घेतले. तोवर बाप गेला होता. नमुना आठवर घर त्याच्याच नावावर. वारसनोंद करायची, अर्ज भरायचा, एवढंच काम होतं. मी नोकरीला सुरतेत. सुट्टीत यायचो, वस्तीत हक्कावर बोलायचो, आणि रात्री आकड्याच्या उजेडात झोपायचो. बापाच्या वेळचा आकडा त्यांनी नाकारलं म्हणून होता. नंतरचा माझ्या आळसाचा.

मी विद्युत कायदा, २००३ वाचून काढला. कलम ४३: घराचा मालक किंवा तिथं राहणारा, कुणीही अर्ज केला तरी महिन्याच्या आत वीज द्यायची, नवी लाइन ओढावी लागली तरच जास्त मुदत. कलम १३५: वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि कलम १५२ खाली पहिल्या वेळी पैसे भरून तडजोड करता येते. शिवाय २०२३ साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की वीज नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून मागता येते. म्हणजे मी गप्प बसून घर विकलं, तर आमचा आकडा उद्या त्या गवंड्याच्या मानेवर.

आधी आकडा काढला. वारसनोंद केली. मग अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. टेबलावर आपल्यातलाच पोरगा. काचेखाली बाबासाहेबांचा फोटो. त्यानं विचारलं, "इतके दिवस वीज कुठून होती?"

"आकड्यावर."

त्याचा पेन थांबला. हळूच म्हणाला, "काका, असं नका लिहू. घर बंद होतं असं लिहा. कुणी विचारत नाही."

पोरगा माझ्या भल्याचंच सांगत होता. पण घर बंद नव्हतं. तिथं माय चाळीस वर्षं जगली होती. मी लिहिलं: घरात वस्ती होती, वीज आकड्यावर होती, वापर माझा, आकारणी माझ्यावर करावी, घर घेणाऱ्यावर करू नये. सोबत १९७९ च्या पोचीची नक्कल जोडली.

पाहणी झाली. आकारणी आणि तडजोड मिळून इसाराचे निम्मे पैसे गेले. पोचीनं एक रुपया कमी झाला नाही. पण ती आता फाइलीत आहे. जो कुणी ती फाइल उघडेल, त्याला चोरीच्या आधी केलेला अर्ज दिसेल.

बहीण बोलत नाही. म्हणाली, "तू मायले चोर ठराईसन उना." मी सांगितलं, कागदावर नाव माझं आहे, मायचं नाही. तिला पटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. ती मायची वेळूची काठी घेऊन निघून गेली.

मीटर माझ्या नावावर बसला. खरेदीखत झालं, त्याच आठवड्यात तो गवंड्याच्या नावावर करायचा अर्जही दिला. त्याची पोच त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "हिचं काय करू?"

मी म्हटलं, "पेटीत ठेव."

दोस्तांनो, मोर्चा काढायचाच आहे. पण त्याआधी आपापल्या वस्तीत फिरा. कुणाचं घर कुणाच्या नावावर आहे, नमुना आठ बघा. मेलेल्या बापाच्या नावावर असेल तर वारसनोंद करा. मीटर नसेल तर अर्ज करा. आणि पोच घेतल्याशिवाय त्या ऑफिसातून उठू नका.