कलम 833 आणि एक हाफ्लिंगर घोडी

परवा रात्री दीड वाजेपर्यंत मी जागी होते आणि त्याला कारण जर्मन दिवाणी संहितेचं कलम 833! "कादंबरी आहे का ती?" असं नवऱ्याने दोनदा विचारलं. पण काय कलम आहे हो! दोन वाक्यांत सगळा मामला. तुमच्या जनावराने कुणाचा जीव घेतला, कुणाला जखमी केलं, कुणाची वस्तू मोडली, तर भरपाई तुम्ही द्यायची. चूक तुमची होती का, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही तेव्हा घरी झोपला होतात, घोड्यावर दुसरंच कुणी होतं, एरवी तो गरीब गाय आहे, यातलं काहीही चालत नाही. घोडा तुमचा ना? मग द्या.

या भानगडीत मी पडले ती एका घोडीपायी. बव्हेरियात आमच्या गावाबाहेर एक तबेला आहे. तिथे एका बाईंची हाफ्लिंगर घोडी आहे, तांबूस अंगाची, पांढुरक्या दाट आयाळीची, डोळे असे की बघतच राहावं. बाईंना नोकरीमुळे रोज वेळ होत नाही, म्हणून त्या वाटेकरी शोधत होत्या. या पद्धतीला इथे राइटबेटाइलिगुंग म्हणतात. आठवड्यातले ठरलेले दिवस घोडी तुमच्या ताब्यात. खरारा करायचा, खूर साफ करायचे, खोगीर चढवून रानात फिरवून आणायचं आणि महिन्याच्या खर्चातला थोडा वाटा उचलायचा. घोडा पोसायची ऐपत नसणाऱ्यांना केवढी सोय! मी तर एका पायावर तयार. बाईंनी मात्र लगाम हातात देण्याआधी माझ्यापुढे विम्याची पॉलिसी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी हे वाचा."

वाचलं. आणि मग थांबताच येईना.

मूळ कलम 1900 सालचं. 1908 मध्ये शेतकऱ्यांचा विचार करून त्यात दुसरं वाक्य घातलं गेलं: जनावर पोटापाण्याच्या धंद्यासाठी पाळलेलं असेल आणि मालकाने पुरेशी काळजी घेतल्याचं सिद्ध केलं, तर त्याची सुटका. म्हणजे घोड्यावर पोट असणाऱ्याला पळवाट आहे, हौसेखातर घोडा पाळणाऱ्याला नाही! आधी मला हे उफराटं वाटलं, पण विचार केला तसं पटत गेलं. हौस तुमची, मग तिची किंमत रस्त्याने जाणाऱ्या तिसऱ्याच माणसाने का मोजावी?

आता यातली खरी गंमत ऐका. रस्त्याने जाणाऱ्याचं ठीक आहे, पण जो आपखुशीने घोड्यावर बसला त्याचं काय? मला वाटलं, "स्वतःहून बसलात, आता भोगा" असंच असणार. तर नाही! घोडा बुजला, उधळला, त्याने अचानक उसळी मारली आणि स्वार पडला, तर तोसुद्धा मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने निव्वळ मैत्रीखातर, एक पैसा न घेता घोडा दिला असला तरी! इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1992 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. आणि रकमेला कमाल मर्यादा नाही. मोटारमालकाची चूक नसतानाही येणाऱ्या जबाबदारीला कायद्याने आकडा घालून दिलाय. घोड्याला तसा आकडाच नाही.

हे वाचून कुठलाही शहाणा मालक घोडा कुलूपबंद करून ठेवेल, असं वाटतं ना? पण इथे तर जो तो घोडा वाटून घेतोय. कारण ती पॉलिसी! घोडेमालकाचा दायित्व विमा. पूर्ण देशात कुठेही सक्तीचा नाही, तरी तो न काढणाऱ्याला तबेल्यात वेड्यात काढतात. हप्ता साधारणपणे घोड्याच्या चाऱ्याच्या खर्चापुढे किरकोळ आणि संरक्षण लाखो युरोंचं. कायदा इतका कडक आहे म्हणूनच विमा घरोघरी पोचला, आणि विमा आहे म्हणूनच बाई परक्या बाईला बिनघोर "बसा" म्हणू शकतात. मला तर हे कळल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

आणि त्या पॉलिसीतली बारीक कलमं! परका स्वार चालेल का, हे एक कलम. खोगिराशिवाय बसलं तर? भाड्याच्या तबेल्याचं दार घोडीने लाथेने फोडलं तर? शेजाऱ्याचं उभं पीक तुडवलं तर? आणि माझं सगळ्यात लाडकं: तुमच्या घोड्याने कुंपण ओलांडलं आणि शेजारची घोडी नको असताना गाभण राहिली, तर त्या नुकसानीचंही कलम आहे. कलमं लिहिणाऱ्याने तबेल्यात दिवस काढलेले असणार, नाहीतर हे सुचायचं कुठून?

यातच माझ्या कामाची मेख होती. कधीमधी बसणारा पाहुणा वेगळा आणि ठरलेल्या दिवशी येणारा वाटेकरी वेगळा. काही पॉलिसींत पाहुण्याची दुखापत धरलेली असते, वाटेकऱ्याची मात्र वगळलेली. शिवाय करार करून घोडा ताब्यात घेणाऱ्यावर पुढचंच कलम, 834, स्वतंत्र जबाबदारी टाकतं: त्याच्या देखरेखीत काही घडलं तर योग्य काळजी घेतली होती, हे त्याने दाखवायचं. न्यूरेंबर्गच्या वरिष्ठ न्यायालयाचा 2017 चा निकाल याच मुद्द्यावर आहे. वाटेकरी स्वार बाई घोड्यावरून पडून अपंग झाल्या, त्यांच्या आरोग्य विम्याने उपचारांचा खर्च मालकाकडे मागितला. आपसांत काही लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून मालकाची जबाबदारी आपोआप माफ झाली असं न्यायालयाने मानलं नाही, पण स्वार बाईही घोडा सांभाळणाऱ्या होत्या म्हणून मालकावर निम्माच भार टाकला. हा निकाल वाचताना मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते.

माथेरानची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर बसून लाल मातीतून आपण सगळेच डुलत गेलोय. पडलो तर पैसे कोण देणार, असं घरातल्या कुणीही घोडेवाल्याला विचारल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तिथे आधी निष्काळजीपणा दिसायला हवा आणि शिक्षेने मोडलेल्या हाताचं बिल भागत नाही.

आणखी एक, जे मला बाईंनीच सांगितलं. या विम्यात खुद्द घोडीला काही झालं तर पैसे मिळत नाहीत, कारण ती मालकिणीचीच. माझ्या हातून ती लंगडी झाली तर? माझ्या घरगुती दायित्व विम्यात हे बसतं का, ते मला वेगळं विचारावं लागलं. बसत नव्हतं. थोडा जादा हप्ता भरून ते जोडून घेतलं, बाईंच्या विमा कंपनीला माझं नाव वाटेकरी म्हणून लेखी कळवलं, आणि मगच रिकिबीत पाय ठेवला.

जर्मनीत असाल आणि कुणी प्रेमाने घोडा देऊ केला तर जरूर घ्या, पण आधी तीन गोष्टी लेखी मागा: पॉलिसीत वाटेकरी स्वार धरलाय का, त्याची स्वतःची दुखापत धरली आहे का आणि घोड्यालाच इजा झाली तर खर्च कोणाचा. मालक खरा घोडेवेडा असेल तर तो रागावणार नाही, कागद त्याच्याकडे तयारच असतील.