30 सप्टेंबरचा पट

परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत मी माध्यमिकला गणित शिकवायचो. आता ती शाळा बंद आहे. अक्षर बरं म्हणून जनरल रजिस्टर माझ्याच गळ्यात पडलं होतं. वस्ती बदलतेय हे मला त्या रजिस्टरातच आधी दिसलं.

जुन्या पानांवर जन्मगाव कणकवली, राजापूर, नाहीतर पाटण. वडिलांच्या व्यवसायापुढे ओळीनं एकच नोंद : गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि पुढच्या पानांवर हाच रकाना विस्कटला. वॉचमन, भाजीविक्री, टॅक्सी. कुठे नुसतंच ‘घरी’. मग दाखले निघू लागले : नालासोपारा, दिवा, बदलापूर. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण तिथली मुलं आमच्याकडे येणार नव्हतीच. चाळीत उरलेल्यांनीही थोरल्याला आमच्याकडे ठेवून धाकट्याला इंग्रजी माध्यमात घातलं. शेवटी पटावर राहिली ती घरकाम करणाऱ्या बायांची आणि मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची मुलं. काहींच्या घरी भोजपुरी. पण शुद्धलेखनात तीच पुढे.

शिक्षकांची पदं ठरायची संचमान्यतेत, 30 सप्टेंबरच्या पटावरून. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक. पण पट निम्मा झाला म्हणून विषय काही निम्मे होत नाहीत. चित्रकलेचे सर निवृत्त झाले, ते पद भरलंच नाही. प्रयोगशाळा सहायकाचंही तेच. कपाटाची किल्ली शिपायाच्या कमरेला लटकू लागली आणि पीटीचा तासही तोच घेऊ लागला. हिंदीच्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि समायोजनात उपनगरात गेल्या. विज्ञान माझ्याकडे आलं.

पालकसभेत एका आईनं विचारलं, “सर, दहावीला सायन्सला कोण?”

“मीच.”

“आणि मॅथ्सला?”

“तेही मीच.”

बाई काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये येऊन मुलीचा दाखला घेऊन गेल्या. त्यांचं काय चुकलं?

लोक म्हणतात, पालकांनीच मराठी शाळा मारल्या. अर्धं खरं आहे. पण पट कमी म्हणून शिक्षक कमी आणि शिक्षक कमी म्हणून पट कमी, हे चक्र काही पालकांनी सुरू केलेलं नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं तर सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी मुलं असतील तिथे शिक्षकाचं पदच मंजूर न करण्याची तरतूद केली. अशा शाळांत मागे राहतात ती दुसरीकडे जाण्याची ऐपत नसलेली मुलं. पट कितीही असो, भाषा, गणित-विज्ञान आणि समाजशास्त्राला एकेक शिक्षक हवाच. एवढंही परवडत नसेल, तर शाळा विद्यार्थ्यांअभावी बंद पडली असं निदान कागदावर तरी लिहू नये.