तोंड आपणहून आत जायला हवं

कोळपणी चालू असते तेव्हा बैलाच्या तोंडाला मुसकं बांधलेलं असतं. चालता चालता त्याने उभ्या पिकाला तोंड लावू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याला कुणी शिक्षा म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मुसकं म्हटलं की आपल्याला मुसक्या आवळणं आठवतं आणि पाठोपाठ गुन्हेगार आणि बेडी. चावऱ्या कुत्र्याला मुसकं घाला, असं सांगितलं की घरातली माणसं दुखावतात ती यामुळेच. माझं म्हणणं असं आहे की मुसकं ही शिक्षा आहे की नाही, हे त्या वस्तूवर ठरत नाही; कुत्र्याची आणि त्या वस्तूची पहिली भेट कशी झाली, यावर ठरतं. आणि बहुतेक घरांत ती भेट नेमक्या चुकीच्या दिवशी होते.

तो दिवस दवाखान्याचा असतो. कुत्रं टेबलावर थरथरत असतं, दोघं त्याला दाबून धरतात, तोंडावर घट्ट पट्टा चढतो आणि लगेच सुई टोचली जाते. पुढच्या वेळी पट्टा नुसता दिसला तरी ते गुरगुरतं. मग मालक सांगतात, ‘आमच्या कुत्र्याला मुसकं चालतच नाही.’ खरं तर त्या कुत्र्याने धडा उत्तम गिरवलेला असतो, फक्त धडा चुकीचा होता. पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, पण जगाने लक्षात ठेवलं ते त्याच कामातून पुढे आलेलं निरीक्षण: अन्नाआधी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, तर नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. आवाज हा अन्नाची वर्दी बनतो. दवाखान्यातलं मुसकं सुईची वर्दी देतं. तेच मुसकं शिजवलेल्या चिकनची वर्दी का देऊ नये?

इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ते आधी खाऊ दाखवतात, कुत्रं जवळ आलं की मुसकं पुढे करतात. म्हणजे खाऊ ही मुसक्याची वर्दी ठरते, आणि चार दिवसांनी कुत्रं खाऊकडेही संशयाने बघू लागतं. उलट करायचं असतं. आधी मुसकं दिसावं, मग खाऊ यावा. मुसकं पाठीमागे गेलं की खाऊही थांबावा. मुसकं दिसताच कुत्र्याची शेपटी सैल पडून हलू लागली की पुढची पायरी. खाऊ जाळीच्या आत धरायचा आणि हात स्थिर ठेवायचा. मुसकं नाकाकडे न्यायचं नाही; नाक मुसक्यात यायला हवं. हा फरक बघणाऱ्याला क्षुल्लक वाटतो, कुत्र्याला मात्र तो दाबून धरलं जाणं आणि स्वतः निवडणं यांच्यातला असतो. तोंड आत टिकू लागलं की पट्टा मानेमागे नुसता टेकवायचा, बकलाचा आवाज वेगळा ऐकवायचा, मग क्षणभर लावून काढायचा. क्षणाचे पाच सेकंद, मग मिनिट, मग घरातल्या घरात चार पावलं. कुत्रं पंजाने तोंड ओरबाडू लागलं, तर आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे यायचं. एका बैठकीला दोन-तीन मिनिटं पुरतात. काही कुत्री आठवड्यात सरावतात, काहींना महिने लागतात.

यावर पहिला आक्षेप क्रूरतेचा. तो मी हलका मानत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या कित्येक मुसक्यांना तो खरोखर लागू पडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय. कापडी, नळीसारखं घट्ट मुसकं नेमकं तेच बंद करतं. विदर्भातल्या मे महिन्यात ते घालून कुत्र्याला फिरवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिनिटभरासाठी ते ठीक, फेरफटक्याला नाही. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं वेगळं असतं. त्यात पूर्ण धाप टाकता येते, पाणी पिता येतं, बाजूने खाऊ देता येतो. माप घेताना तोंड मिटलेलं नको, धाप टाकताना उघडतं तेवढं धरायला हवं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना साधी टोपली बसत नाही, त्यांच्यासाठी वेगळी घडण लागते.

दुसरा आक्षेप लाजेचा: लोक काय म्हणतील, सोसायटीत आमचं कुत्रं बदनाम होईल. जर्मनीच्या रेल्वेत पिशवीत मावणाऱ्या लहान कुत्र्यांना सूट असते, पण मोठ्या कुत्र्यांना मुसकं घालावं लागतं. व्हिएन्नाच्या मेट्रोतही मुसक्याचा नियम आहे. तिथे मुसकं पाहून कुणी कुत्र्याच्या स्वभावाचा निवाडा करत नाही. आपल्याकडे ते अपवादाने दिसतं म्हणून डोळ्यांत भरतं. आणि लाजेच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावं. दाताने कातडी फाटली की माणसाला रेबीजच्या लशीचे हेलपाटे सुरू होतात, सोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. हे एखाद्या लहान मुलाच्या चेहऱ्यावर घडलं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजी राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण मला त्या दंडापेक्षा ते मूल मोठं वाटतं. कुत्र्याच्या बाजूनेही बघा: एकदा जोरात चावलं की अनेक घरांत त्याची रवानगी साखळीला, गच्चीवर किंवा रस्त्यावर होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो: मुसक्याने राग जात नाही. नाहीच जात. भीती, दुखणं, हद्द राखण्याची सवय, जे काही मुळाशी असेल त्यावर वेगळं काम करावं लागतं, आणि अचानक चावू लागलेल्या कुत्र्याला आधी डॉक्टरांकडे न्यावं लागतं, कारण कान किंवा सांधा ठणकत असू शकतो. पण ते काम करताना हात निर्धास्त लागतो. चावेल या धास्तीने मालक दोरी ताणून धरतो, ताण कुत्र्याला कळतो, आणि समोरून येणारा माणूस त्याला अधिकच धोक्याचा वाटतो. मुसकं असलं की दोरी सैल सोडता येते. मात्र मुसकं आहे म्हणून त्याला गर्दीत घुसवणं, अनोळखी मुलांना हात लावू देणं हा विश्वासघात आहे. टोपलीच्या धक्क्यानेही मूल पडू शकतं, आणि कुत्र्याची भीती दुणावते ती वेगळीच.

शिकवणी अर्धी झालेली असताना दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर शिकवणीतलं मुसकं घरीच ठेवावं. त्या दिवसापुरतं दिसायला, वासाला, स्पर्शाला वेगळं असं दुसरं वापरावं, म्हणजे सुईची आठवण दुसऱ्याला चिकटते. घरी परतल्यावर दोनेक दिवस कुत्र्याला निवांत राहू द्यावं, मग नेहमीचं मुसकं काढावं, थोडं लांब धरावं आणि तोंड पुढे येईपर्यंत थांबावं.