मिस्त्रींचं देणं

आमच्या घरावर एटापल्लीच्या रेडिओ मिस्त्रींचं एक देणं आहे, आणि त्याबद्दल मी एकदा लिहायला हवं असं आई गेल्यापासून फार वाटतं.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. त्यानंतर लवकरच बाबांची बदली एटापल्लीच्या शाळेत झाली. आईचं माहेर आर्वीचं, भरल्या वाड्यातलं. इथे बाबा शाळेत गेले की ती आणि आल्लापल्लीकडून येणारा रस्ता. पावसाळ्यात नाले चढले की तोही बंद. आजूबाजूच्या बायका माडिया किंवा तेलुगू बोलायच्या. आईला दोन्ही येत नव्हत्या. माहेराहून आलेला मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ हीच तिची सोबत. त्यावर ५८५ किलोहर्ट्झला नागपूर लागायचं.

दिवसा नागपूर नीट यावं म्हणून मिस्त्रींनी बांबूवर तांब्याच्या तारेची एरियल चढवली. अंगणात खड्डा करून त्यात लोखंडी नळ गाडला, मीठ आणि कोळसा घातला आणि आईला बजावलं, की उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं. जमीन कोरडी पडली की अर्थिंग गेलं. आई तुळशीला पाणी घालून झालं की त्या नळाला घालायची.

खरी अडचण संध्याकाळची होती. दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, बल्ब पिवळा व्हायचा आणि नागपूर नाहीसं व्हायचं. रेडिओ बंद पडत नसे, नुसता सूं आवाज. स्टेशन पकडायला रेडिओला आपलीही एक लहर तयार करावी लागते. ते काम ईसीएच ८१ नावाचा व्हॉल्व्ह करतो. त्याच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. व्हॉल्व्ह जुना असेल तर थोडं व्होल्टेज उतरलं तरी त्याची लहर थांबते. बाकीचे व्हॉल्व्ह चालूच असतात, म्हणून घरघर ऐकू येते, माणसाचा आवाज मात्र येत नाही.

मिस्त्रींनी सेट दुकानात नेला. दुकान म्हणजे टिनाचं खोकं. कोळशावर तापवायचा कैया, डब्यांत सुटे कंडेन्सर, भिंतीला मेलेल्या रेडिओंचे सांगाडे. तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली की लोक ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि पावसात त्यातले सेल गळले की इथे आणायचे. हिरवा गंज चढलेली स्प्रिंग मिस्त्री ब्लेडने हळूहळू खरवडत बसायचे. त्यांचा स्वतःचा मोठा रेडिओ फळीवर दिवसभर चालू असायचा.

दोन दिवसांत आमचा सेट आला. त्या संध्याकाळी बल्ब पिवळा झाला, तरी बातम्या चालूच राहिल्या. मिस्त्रींनी पैसे घेतले फक्त साफसफाईचे.

पुढे काही महिन्यांनी आईच्याच लक्षात आलं. बाजारातून परतताना ती बाबांना म्हणाली, "मिस्त्रींचा रेडिओ आजकाल दिवेलागणीला गप्प का असतो हो?" बाबांनी चंद्रपूरला चौकशी केली होती, तो व्हॉल्व्ह तिथे मिळत नव्हता. मग आमच्या सेटमध्ये चांगला आला कुठून? ते तसेच दुकानावर गेले. मिस्त्रींनी कैया बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, माज्याजवर दुकानात मानसं अस्तेत बोलाले. वहिनीजवर कोन आहे?"

हे बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपाशी होती. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींचा दुपारचा डबा आमच्याकडून जाऊ लागला.

तो मर्फी आता माझ्याकडे नागपूरला आहे. मागे एका कारागिराने त्यातले कागदी कंडेन्सर आणि फिल्टरचे कंडेन्सर बदलले. ईसीएच ८१ मात्र त्याने तपासून तसाच ठेवला. मिस्त्रींचाच आहे तो.

तेव्हा, डबा सुरू झाल्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाबांनी नागपुरात सीताबर्डी पालथी घालून एक नवा व्हॉल्व्ह मिळवला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. आठवड्याने पाहिलं तर त्यांचा रेडिओ संध्याकाळी मुकाच. व्हॉल्व्ह त्यांनी मुलांच्या वसतिगृहाच्या सेटमध्ये बसवला होता; तिथली पोरं बातम्या ऐकायला थांबायची म्हणे. बाबा चिडले. पुढच्या सुट्टीत त्यांनी दोन आणले आणि मिस्त्री त्यातला एक आपल्या रेडिओत बसवेपर्यंत ते दुकानातल्या स्टुलावरून उठले नाहीत.