मागे राहिलेली रिळं

जेक हॅनाफर्ड नावाचा म्हातारा दिग्दर्शक सत्तराव्या वाढदिवसाला पाहुणे बोलावतो, त्यांना आपला अर्धवट राहिलेला सिनेमा दाखवायला घेतो आणि काही तासांत मोटार अपघातात मरतो. ऑर्सन वेल्सच्या ‘द अदर साइड ऑफ द विंड’ची ही गोष्ट. 1970 ते 1976 या काळात, हातात पैसे येतील तसतसं वेल्सने तिचं चित्रण केलं. 10 ऑक्टोबर 1985 रोजी तो गेला तेव्हा त्याचाही सिनेमा अर्धवटच होता. एखाद्या नवख्या पटकथाकाराने असा योगायोग लिहून आणला असता, तर कोणत्याही निर्मात्याने तो खोडून टाकला असता.

सिनेमात इराणच्या शहाच्या मेहुण्याचा पैसा होता. हिशेबावरून भांडणं झाली, 1979 मध्ये इराणात क्रांती झाली आणि निगेटिव्ह पॅरिसमध्ये कुलूपबंद पडून राहिली. वेल्सच्या माघारी त्याची जोडीदार ओया कोडार, मुलगी बिआट्रिस आणि पैसेवाले यांचं एकमत व्हायला कैक वर्षं गेली. शेवटी नेटफ्लिक्सने पैसा ओतला. 2017 मध्ये 1,083 रिळं लॉस एंजेलिसला पोचली आणि सुमारे 100 तासांच्या चित्रणातून बॉब मुरॉस्की या संकलकाने दोन तासांचा सिनेमा काढला. ऑगस्ट 2018 मध्ये तो व्हेनिसला दाखवला गेला. प्रमुख भूमिकेतला जॉन ह्यूस्टनही तोवर कधीच गेला होता. त्याचे काही संवाद मुलाच्या, डॅनीच्या आवाजात भरून काढावे लागले.

वाद व्हायचा तो झालाच. वेल्सने स्वतः जेमतेम 40 मिनिटांचं संकलन केलं होतं. बाकीचं टिपणांवरून आणि तर्काने. समर्थकांचा आधार म्हणजे दिग्दर्शक मित्र पीटर बोग्दानोविचला वेल्सने घातलेली गळ: मला काही झालं तर हा सिनेमा तू पुरा कर. दिलेला शब्द पाळावा हे आपल्याला सांगायला नको. पण सिनेमा पुरा करणं म्हणजे थकलेलं कर्ज फेडणं नव्हे. कर्जाचा आकडा ठरलेला असतो. इथे काय द्यायचं हे ठाऊक असणारा एकच माणूस होता.

यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पावसाळी रात्र, धावती मोटार, काचेवर ओघळणारं पाणी आणि त्यातून आत येणारे लाल-निळे दिवे. संवाद नाही. ओया कोडारचा चेहरा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो आणि प्रत्येक काप पाहणाऱ्याचा श्वास धरून ठेवतो. हे संकलन वेल्सचं. वाढदिवसाच्या गर्दीचे प्रसंग येतात तेव्हा चित्र रंगीत होतं, कृष्णधवल होतं, कॅमेरे एकमेकांवर आदळतात. तेही चांगलं आहे, पण तिथे मी श्वास धरत नाही, ‘वेल्सने इथे कापलं असतं का?’ असा हिशेब करत बसतो. श्रेयनामावलीत संकलक म्हणून वेल्स आणि मुरॉस्की अशी दोन्ही नावं आहेत, मात्र कोणता काप कोणाचा हे पडदा सांगत नाही. मुरॉस्कीने रफू केलं आहे, आणि ते उत्तम केलं आहे. माझी कुरकुर त्या उत्तमपणाबद्दलच आहे.

पोलंडच्या आंद्रेई मुंकच्या ‘पॅसेंजर’मध्ये सरळ ठिगळ दिसतं. 1961 च्या सप्टेंबरात मुंक मोटार अपघातात गेला. ऑश्विट्झच्या छळछावणीतले प्रसंग चित्रित झाले होते. पुढे कित्येक वर्षांनी एका जहाजावर छावणीतली पहारेकरीण आणि तिची कैदी समोरासमोर येतात, तो भाग तडीला गेला नव्हता. मुंकचा सहकारी विटोल्ड लेसिएविचने तो भाग स्थिरचित्रं आणि निवेदन यांवर निभावून नेला. दिग्दर्शक आता नाही आणि त्याच्या वतीने आम्ही उत्तरं रचणार नाही, हे निवेदन आरंभीच सांगून टाकतं. जेमतेम तासाभराचा हा सिनेमा. त्यातली स्तब्ध चित्रं पाहताना मुंकची अनुपस्थिती जाणवते आणि ‘हे खरंच त्याचं का?’ ही शंका उरत नाही.

मुंबईतही असं एक प्रकरण घडलं. के. आसिफ यांनी ‘लव्ह अँड गॉड’ गुरुदत्तना घेऊन सुरू केला. 1964 मध्ये गुरुदत्त गेले, संजीवकुमार आले. 1971 मध्ये आसिफच गेले. पत्नी अख्तर आसिफ यांनी निर्माते के. सी. बोकाडिया यांच्या मदतीने मिळेल ते चित्रण जोडून तो 1986 मध्ये पडद्यावर आणला, तेव्हा संजीवकुमारही हयात नव्हते. सांधे उघडे आहेत, गोष्ट अडखळते. पण आसिफ यांच्या डोळ्यांपुढे केवढा पट होता, याचा अदमास त्या अडखळण्यातूनही येतो. रिळं डब्यातच राहिली असती तर तोही आला नसता.

मृताच्या इच्छेची चिंता वाहणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगेन. 1942 मध्ये वेल्स ब्राझीलमध्ये असताना स्टुडिओने त्याच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधली 40 हून अधिक मिनिटं कापली, शेवट नव्याने चित्रित केला आणि पुढे कापलेली निगेटिव्ह नष्टही केली. तेव्हा वेल्स 26 वर्षांचा, धडधाकट होता. त्याची इच्छा काय हे तारेने विचारता येत होतं. तारा येत-जातही होत्या. त्याच्या सिनेमाचं सर्वांत भरून न येणारं नुकसान झालं ते असं, त्याच्या हयातीत.

म्हणून ‘पुरा करावा की करू नये’ या वादात मला आता फारसा रस नाही. माझे प्रश्न दोनच: मूळ चित्रण जसंच्या तसं जपलं आहे का, आणि भर कुठे घातली ते सांगितलं आहे का? ‘अँबरसन्स’ पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. ‘पॅसेंजर’ दुसऱ्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवतो. ‘विंड’चं काम निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर झालं, त्यामुळे उद्या दुसरा कोणी त्याच 100 तासांतून निराळा सिनेमा काढू शकेल. वाट बंद झालेली नाही, ही जमेची बाजू. फक्त पाटीवर ‘वेल्सच्या चित्रणावरून’ इतकी कबुली हवी होती. तो सिनेमा दाखवायला माझी ना नाही. वेल्सचा म्हणून खपवायला आहे.