टोकियोची दैनंदिनी (भाग तिसरा): हळद आहे, कुंकू नाही

२४ ऑगस्ट, कासाई रिंकाई

सकाळी साडेसहाला निघालो तरी बसथांब्यापर्यंत पदर भिजला. ऑगस्टमधलं टोकियो म्हणजे आमचं मे महिन्यातलं ठाणं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि वारा मात्र बेपत्ता.

भाचीचं घर निशी-कासाईत. या भागात भारतीय इतके आहेत की स्टेशनाबाहेर कुणी मराठीत हाक मारली तरी दचकायला होत नाही. तिथून कासाई रिंकाई पार्कला बस जाते. पार्कातला ११७ मीटर उंच आकाशपाळणा लांबूनच दिसतो आणि बहुतेक मंडळी त्याच्याकडेच वळतात. आम्ही पूर्वेच्या पक्षीउद्यानाकडे वळलो. आम्ही म्हणजे मी आणि भाचीचा आठ वर्षांचा मुलगा. तो जपानी शाळेत जातो, मला आजी म्हणतो आणि माझ्या जपानीची कीव करतो.

ही सगळी जमीन समुद्रात भराव टाकून केलेली. पार्क १९८९ सालचं. समोर दोन कृत्रिम किनारे आहेत. पश्चिमेच्या किनाऱ्यावर पुलावरून जाता येतं, पूर्वेच्या किनाऱ्यावर माणसांना पाय ठेवायला बंदी. तो पक्ष्यांचा. २०१८ मध्ये इथल्या समुद्राचा पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. आमच्या ठाणे खाडीचा नंबर २०२२ मध्ये लागला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण खाडीचा एखादा तुकडा माणसांसाठी कायमचा बंद करू म्हटलं तर काय गदारोळ होईल, ते मला ठाऊक आहे.

पक्षीउद्यानात दोन तळी आहेत, एक गोड्या पाण्याचं, एक मचूळ. काठावरच्या भिंतींना फटी ठेवल्यात, त्यांतून बघायचं. पहिल्याच फटीतून बदकं दिसली आणि मी आनंदानं ओरडले, ‘‘अरे, हळदीकुंकू!’’ शेजारी दुर्बीण लावून उभ्या असलेल्या आजोबांनी मान न वळवता नुसता श्वास सोडला. तेवढ्यानं मला माझी चूक कळली.

दुसरी चूक दुर्बीण लावल्यावर कळली. आपल्या हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं असतं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके असतात. हळद आणि कुंकू. इथल्या या ‘कारुगामो’च्या चोचीचं टोक पिवळं आहे, पण लाल ठिपका नाही. हळद आहे, कुंकू नाही. अंग तेच, चालही तीच. आणि तरी जात वेगळी. चिमण्यांचंही तसंच. इथे घराच्या वळचणीला असते ती गालावर काळा तीट लावलेली चिमणी. आपली घरचिमणी नव्हे.

पाणकावळे होते, राखी बगळा होता. चिखलात शेपूट वरखाली हलवत एक तुतवार चालला होता. हा आपल्याकडेही येतो. ओळखीचं माणूस परगावच्या फलाटावर दिसावं तसं वाटलं.

२५ ऑगस्ट, घरामागची बाग

आज गुरू तो, शिष्या मी. शाळेला उन्हाळी सुट्टी आहे आणि सुट्टीत स्वतःच्या आवडीच्या विषयाचा अभ्यास करून वही द्यायची असते. त्याचा विषय सेमी, म्हणजे सिकाडा. हातात जाळी, गळ्यात प्लास्टिकचा हिरवा पिंजरा. बागेत अशी सात-आठ पोरं होती.

‘‘केवढे किडे रे हे,’’ मी म्हणाले.

‘‘आजी, किडे काय म्हणतेस? नावं आहेत त्यांना.’’

मग नावं झाली. आबुराझेमी, म्हणजे तेलाचा सेमी. आवाज ऐकला आणि नाव पटलं: कढईत कांदाभजी सोडल्यावर येतो तोच चुरचुराट. पंख तपकिरी, अपारदर्शक. मिनमिनझेमी स्वतःचंच नाव घेतो. त्सुकुत्सुकुबोशीही तसाच, पण तो ओरडायला लागला की सुट्टी संपत आली, गृहपाठ काढा. खोडांवर टरफलं चिकटलेली होती. त्यांतलं लहानसं, चिखलानं माखलेलं असेल ते नीनीझेमीचं. ही टरफलं तो डब्यात जमवतो आणि डबा माझ्या उशाशी ठेवतो.

परतताना फरशीवर एक सेमी उताणा पडला होता. मेलेला समजून मी त्याला चपलेनं बाजूला सारायला गेले आणि तो फटाक्यासारखा उडून माझ्या चेहऱ्यावर आला. माझी किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली म्हणतात. गुरूंनी नंतर समजावलं: पाय मिटलेले असतील तर मेलेला, उघडे असतील तर जिवंत. हे आधी सांगायचं असतं, महाराज.

२६ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. कचऱ्यावरच्या जाळीखालून एक जाडचोच्या कावळा पिशवी ओढत होता. पिशवी निघाली. बाकी काही नाही.

२७ ऑगस्ट, शिरोकानेदाई

आज एकटीच. शहराच्या ऐन मध्यात सुमारे २० हेक्टरचं जंगल आहे: निसर्ग अभ्यास उद्यान. एदो काळात इथे सरदाराचा वाडा होता, मेईजी काळात दारूगोळ्याची कोठारं, मग राजघराण्याची जमीन. सामान्य माणसाला दार उघडलं ते १९४९ मध्ये. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मालकानं लोकांना बाहेर ठेवलं आणि त्यामुळे झाडं वाचली. आजही एका वेळी ३०० जणांनाच आत सोडतात. जाळी आणलेली चालत नाही.

आत गेल्यावर पाच मिनिटांत रस्त्याचा आवाज बंद. तळ्याकाठी छोटा खंड्या बसला होता, अगदी आपलाच. वरून निळ्या पट्ट्याचं फुलपाखरू सुसाट गेलं, ‘आओसुजी आगेहा’. याची अळी कापराच्या झाडावर वाढते आणि टोकियोच्या रस्त्यांवर कापराची झाडं लावलेली आहेत. त्यामुळे हे फुलपाखरू भर शहरात दिसतं. आंबोलीच्या वाटेवर दिसणारं याचं भावंड मला माहीत आहे, ते असंच घाईत असतं.

मग वल्गुलीचा थवा आला. इथली ‘शिजुकारा’, चिमणीएवढी, पांढऱ्या गालांची, गळ्याखाली काळा टाय लावलेली. तिला बघायचंच होतं. तोशिताका सुझुकी या संशोधकानं वर्षानुवर्षं जंगलात बसून तिची भाषा ऐकली. घरट्याजवळ कावळा आला तर आई एक आवाज काढते आणि पिल्लं खाली दबून बसतात. साप आला तर वेगळा आवाज, आणि तो ऐकून उडण्याइतकी वाढलेली पिल्लं घरट्याबाहेर उड्या टाकतात. कावळा चोच घालतो, साप आत शिरतो. तेव्हा एका शब्दात भागत नाही. मी तासभर बाकावर बसले. एकही साप आला नाही, कावळाही नाही. नुसत्या गप्पा चालल्या होत्या.

२९ ऑगस्ट, मुकोजिमा

किडे ऐकायला तिकीट काढून जायचं, हे ठाण्यात सांगितलं तर हसतील. मुकोजिमा ह्याक्काएन ही एदो काळात एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं कवी-चित्रकार मित्रांच्या साथीनं उभारलेली बाग. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पुन्हा उभी राहिली. एरवी पाचला बंद होते. ऑगस्टअखेरचे थोडे दिवस मात्र संध्याकाळी उघडी असते, कागदी दिवे लावतात आणि लोक किडे ऐकायला येतात. पूर्वी एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, गल्ल्यांतून गाणारे किडे पिंजऱ्यात घालून विकणारे फेरीवाले फिरत. हजार वर्षांपूर्वीच्या ‘गेंजी मोनोगातारी’त एका प्रकरणाचं नावच ‘सुझुमुशी’, म्हणजे घंटाकिडा.

भाची आणि मी सुझुमुशीच्या पिंजऱ्याजवळ वाकलो. रीईन, रीईन. खरंच, देवघरातली बारीक घंटा कुणी फडक्यात गुंडाळून वाजवावी तसं. भाचीनं यादी सांगितली: मात्सुमुशी चिन-चिरोरिन म्हणतो, कोरोगी कोरोकोरो, कुत्सुवामुशी गाचागाचा, म्हणजे घोड्याच्या लगामाची खळखळ. बाहेर रस्त्यावरच्या झाडांवर आओमात्सुमुशी कर्कश ओरडत होता. तो मेईजी काळात चीनहून आला म्हणतात, आणि आता सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. त्याच्यासाठी तिकीट नाही.

राहवेना, म्हणून चिपळूणला ताईला फोन लावला. इथे साडेसात, तिकडे दुपारचे चार. तिच्या घरी अजून जुना दूरध्वनी आहे. रिसीव्हर कानाला लावून ती झोपाळ्यावर बसली असणार.

‘‘ताई, ऐकू येतंय का?’’

‘‘तुझा श्वास ऐकू येतोय. दमलीस का गं?’’

फोन पिंजऱ्याला अगदी टेकवला. तरी नाही. शेवटी भाचीनं खुलासा केला: साधा फोन साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोचवतो, सुझुमुशी गातो ४,००० च्या वर. माणसाचं बोलणं तेवढं पलीकडे जातं.

‘‘पण आहे तरी काय ते?’’ ताई विचारत होती. मी वर्णन केलं.

‘‘म्हणजे रातकिडाच ना! त्यासाठी जपानला गेलीस? गणपतीला ये, परसात फुकट ऐक.’’

‘‘रातकिडा कुठला पण? तुझ्या परसात किती प्रकारचे आहेत?’’

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

‘‘दोन-तीन तरी असतील,’’ ती म्हणाली. ‘‘एक विहिरीकडचा वेगळा ओरडतो. पण आपण सगळ्यांना रातकिडाच म्हणतो गं.’’

घरी येऊन वहीत लिहिलं: पक्षी २३, किडे ९. नऊच्या नऊ नावं जपानी. कोकणात, देशावर, विदर्भात, तुमच्या गावात वेगवेगळ्या रातकिड्यांना वेगवेगळी नावं असतील, निदान तुमच्या आजीकडे असतील, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आवाज कसा आणि कुठल्या महिन्यात येतो, तेही लिहा. ताईच्या विहिरीकडच्याला अजून नाव नाही.